कोडमध्ये हवी ती फाइल सापडत नाही? या क्रमाने तपासा

जुनी सिस्टिम, मूळ लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेलेले आणि तिकीट (करायच्या कामाची नोंद) तुमच्या नावावर. बदल दोन ओळींचा असतो, पण त्या दोन ओळी कुठल्या फाइलमध्ये आहेत हे शोधण्यात अख्खा दिवस मोडतो. हे काम इतक्यांदा केलंय की आता मी ठरलेल्या क्रमानेच जातो: फुकटातल्या तपासण्या आधी, डीबगर आणि डेटाबेस शेवटी. फाइल खरोखरच नाहीये असं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा आपण भलत्याच प्रतीत शोधत असतो, नाहीतर सिस्टिमला ठाऊकच नसलेल्या शब्दाने शोधत असतो.

लक्षणं

- स्क्रीनवर दिसणारा मजकूर जसाच्या तसा शोधला तरी निकाल शून्य.
- याच्या उलट, निकाल इतके की वाचून संपत नाहीत.
- फाइल सापडली, बदल केला, बिल्डही झाला (कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार झाला), पण वागणुकीत काडीचा फरक नाही.
- फरक पडला, पण पुढच्या बिल्डनंतर बदल पुसला गेला.
- डॉक्युमेंटमध्ये नाव असलेला क्लास कोडमध्ये कुठेच नाही.
- कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटची ‘ब्लेम’ आज्ञा (कुठली ओळ कुठल्या बदलात आली हे सांगणारी) फाइलभर एकच कमिट (नोंदवलेला बदल) दाखवते.

समजायला सोपं जावं म्हणून एक तिकीट धरून चालू. ‘पीडीएफ बिलावर ग्राहकाचा पत्ता अर्धवट छापला जातो.’ बस, एवढंच लिहिलेलं. रेपोमध्ये (कोडच्या साठ्यात) ‘अ‍ॅड्रेस’ शोधलं की ईमेल अ‍ॅड्रेस, आयपी अ‍ॅड्रेस, मेमरी अ‍ॅड्रेस असं सगळं अंगावर येतं.

1. उघडलेला कोड आणि चालू असलेला कोड एकच आहे का?

हे पाहायला काही मिनिटं लागतात, तरी बहुतेक जण ते शेवटी पाहतात. सर्व्हरवरचा बिल्ड कुठल्या कमिटवरून झाला ते आधी शोधा. ‘अबाउट’च्या पानावर, हेल्थ-चेकच्या उत्तरात किंवा अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना पडणाऱ्या लॉगच्या पहिल्या ओळींत आवृत्ती किंवा कमिट हॅश (कमिटची ओळखखूण) बऱ्याचदा असतो. तो हॅश चेकआउट करून (कोड त्या कमिटच्या स्थितीला आणून) मगच शोधायला लागा. मेन ब्रँचवर फाइलचं नाव बदललेलं असेल आणि प्रॉडक्शनवर अजून जुनंच चालू असेल, तर स्टॅक ट्रेसमधलं (एरर येईपर्यंत चाललेल्या कोडच्या यादीतलं) नाव तुम्हाला जन्मात सापडणार नाही.

सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेले दुसरे रेपो) असतील तर लक्षात ठेवा, गिट ग्रेप ही मजकूर शोधायची आज्ञा आपणहून त्यांच्या आत जात नाही. त्यासाठी ‘रिकर्स-सबमॉड्यूल्स’ हा पर्याय द्यावा लागतो. ब्राउझरमधून शोधत असाल तर आणखी एक खाच आहे. गिटहबचा कोड शोध फक्त डीफॉल्ट ब्रँचची सूची ठेवतो आणि बाहेरून आणून ठेवलेला किंवा जनरेट झालेला कोड त्यातून वगळतो. त्यामुळे तिथे शून्य निकाल आले म्हणजे कोडमध्ये काहीच नाही असं समजू नका.

बदल करूनही फरक पडत नसेल तर आपल्या मशीनवर त्या फाइलमध्ये मुद्दाम एक सिंटॅक्सची चूक घाला. बिल्ड तरीही सुरळीत झाला, पानही नेहमीसारखं उघडलं, तर ती फाइल वापरातच नाही. त्याच नावाची दुसरी फाइल कुठेतरी आहे, किंवा जुना बिल्ड कॅशमधून येतोय. उपाय ओबडधोबड आहे, पण उत्तर खणखणीत मिळतं. प्रॉडक्शनवर मात्र हा प्रयोग करायचा नाही.

बदल पुसला जात असेल तर फाइलच्या पहिल्या काही ओळी वाचा. ‘डू नॉट एडिट’ असं दिसलं की ती फाइल एखादं साधन तयार करतंय. गो भाषेत तर अशा फाइलवर ठरावीक साच्यातली ओळ टाकायचा संकेतच आहे. तुम्हाला हवी असलेली फाइल म्हणजे तिचं मूळ: प्रोटो फाइल, स्कीमा किंवा टेम्प्लेट.

2. शोधायचं साधन काय गाळतंय?

रिपग्रेप हे मजकूर शोधायचं साधन वेगवान आहे, कारण ते बरंच काही वाचतच नाही. गिटइग्नोअरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या) फाइल, ठिपक्याने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल आणि बायनरी फाइल ते सोडून देतं. गिट ग्रेप फक्त गिटच्या नोंदीतल्या फाइल पाहतं. एडिटरमध्ये कुणीतरी ‘एक्स्क्लूड’ केलेले फोल्डर असतात, आणि ती सेटिंग्ज कित्येकदा रेपोमधूनच आलेली असतात. म्हणून शून्य निकालावर विश्वास ठेवण्याआधी एकदा सगळं उघडं करून शोधा. रिपग्रेपला त्यासाठी ‘यू’ हा पर्याय सलग तीनदा देतात. कॉन्फिगरेशन, पाइपलाइनच्या फाइल आणि लोकल सेटिंग्ज नेमक्या या गाळलेल्या ढिगात निघतात.

निकाल फार येत असतील तर उलटं करा. बाहेरच्या लायब्ररी, लॉक फाइल, मिनिफाय केलेली जावास्क्रिप्ट आणि सुरुवातीला टेस्टसुद्धा वगळा. टेस्टकडे नंतर परत यायचं आहे.

3. शब्द कोणाचा आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, आणि सगळ्यात जास्त वाचवताही इथेच येतो.

1987 मध्ये फर्नास आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट मोजली होती: दोन माणसं एकाच वस्तूला आपणहून एकच नाव देतील याची शक्यता किती? त्यांच्या प्रयोगांत ती 20 टक्क्यांच्याही खाली निघाली. तिकीट लिहिणारा, कोड लिहिणारा आणि शोधणारे तुम्ही, ही तीन वेगळी माणसं आहेत. मग ‘रिफंड’ शोधताना कोडमध्ये ‘रिव्हर्सल’ किंवा ‘क्रेडिट नोट’ निघालं तर त्यात नवल कसलं?

म्हणून स्वतःचा शब्द बाजूला ठेवा आणि सिस्टिमने स्वतः उच्चारलेला शब्द पकडा. असे शब्द मिळायच्या जागा ठरलेल्या आहेत: स्क्रीनवरचं लेबल, ब्राउझरचा पत्ता, नेटवर्क टॅबमधल्या विनंतीतली फील्डची नावं, एरर कोड, लॉगची ओळ, डेटाबेसमधल्या कॉलमचं नाव. स्टॅक ट्रेस असेल तर प्रश्नच मिटला, तिथूनच सुरुवात करा.

आपल्या तिकिटात बिलावर पत्त्याच्या वर ‘ग्राहकाचा पत्ता’ असं लेबल आहे. हे लेबल भाषांतराच्या फाइलमध्ये असणार. तिथे त्याची की (कोडमध्ये त्या लेबलसाठी वापरलेलं नाव) मिळते. समजा ती ‘इन्व्हॉइस.पार्टी.लोकेशन’ अशी आहे. म्हणजे ज्याने हे लिहिलं त्याच्या लेखी ग्राहक हा ‘पार्टी’ होता आणि पत्ता हे ‘लोकेशन’. आता ‘पार्टी लोकेशन’च्या वेगवेगळ्या रूपांनी शोधा: जोडून, अंडरस्कोअर घालून, लहानमोठ्या लिपीचा भेद न करता. निकाल मूठभर येतात आणि त्यात बिलाचं टेम्प्लेट असतं.

संदेश शोधताना पूर्ण वाक्य कधीच टाकू नका. ‘ऑर्डर 5512 साठी साठा अपुरा’ यातला आकडा चालू असताना भरला जातो, आणि वाक्य कोडमध्ये दोन तुकड्यांत असू शकतं. त्यातला सगळ्यात छोटा पण विरळा तुकडा घ्या. ‘साठा अपुरा’ चालेल, नुसतं ‘ऑर्डर’ चालणार नाही.

आणि काही नावं कोडमध्ये अखंड लिहिलेलीच नसतात. ‘एक्सपोर्ट’ आणि रिपोर्टचा प्रकार जोडून क्लासचं नाव तयार होतं, किंवा फ्रेमवर्क फाइलच्या नावावरून क्लास उचलतं. अशा वेळी एडिटरचं ‘फाइंड यूसेजेस’ बिनदिक्कत ‘वापर नाही’ म्हणून सांगतं. तेवढ्यावर विसंबून कोड उडवू नका. नावाचा अर्धा भाग शोधा, म्हणजे जोडणी करणारी ओळ हाती लागते.

4. अक्षरं तीच आहेत का?

मराठी किंवा हिंदी इंटरफेस असलेल्या सिस्टिमवर काम करत असाल तर हा भाग सोडू नका. डोळ्यांना सारखं दिसणारं आणि फाइलमध्ये असलेलं यांत फरक असू शकतो.

जावा 9 येईपर्यंत, म्हणजे 2017 पर्यंत, रिसोर्स बंडलच्या प्रॉपर्टीज फाइल आयएसओ-8859-1 (पश्चिम युरोपीय भाषांची अक्षरसंहिता) धरून वाचल्या जायच्या. त्यात देवनागरी बसत नाही. त्यामुळे ‘पत्ता’ हा शब्द तिथे बॅकस्लॅश, यू आणि चार अंकी संकेतांक अशा साखळीत असतो. ‘प’साठी 092ए, ‘त’साठी 0924 आणि असंच पुढे. जेसॉनच्या बाबतीतही तेच. पायथनचं जेसॉन मॉड्यूल आणि पीएचपीचं जेसॉन-एनकोड हे दोन्ही आपणहून देवनागरीची अशीच साखळी करतात. अशा फाइलमध्ये ‘पत्ता’ शोधून काही मिळत नाही. ‘0924’ शोधा, लगेच मिळेल.

दुसरा घोळ बरोबर लिहिलेल्या ‘ऱ्य’चा आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन-तीन प्रकारे साठवता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. शिवाय तो ‘ऱ’सुद्धा र आणि नुक्ता असा सुटा असू शकतो. पडद्यावर सगळं एकसारखं दिसतं, बाइट वेगळे असतात. कीबोर्ड बदलला की रूप बदलतं. शोधताना असा शब्दच टाळून शेजारचा साधा शब्द घेतला की काम भागतं.

तिसरी गोष्ट यूटीएफ-16, म्हणजे अक्षरं साठवायची आणखी एक पद्धत. एसक्यूएल सर्व्हरच्या साधनांतून निर्यात केलेल्या स्क्रिप्ट बऱ्याचदा या रूपात असतात. साधं ग्रेप आणि गिट दोघंही त्यांना बायनरी समजतात आणि आतला इंग्रजी शब्दही पकडत नाहीत. रिपग्रेप फाइलच्या सुरुवातीची खूण पाहून त्या वाचतं.

5. इतिहास

टेम्प्लेट सापडलं, पण त्यात पत्ता कापणारं काहीच नाही. आता गिटला विचारायचं.

माझं आवडतं हत्यार म्हणजे गिट लॉगचा मोठा ‘एस’ हा पर्याय. दिलेला मजकूर ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला तेवढेच कमिट तो दाखवतो. आज कोडमध्ये नसलेला शब्दही त्यात सापडतो, म्हणून डॉक्युमेंटमधला ‘गायब’ क्लास शोधायला याच्यासारखं काही नाही. ओळ नुसती बदलली असेल, शब्द तितक्याच वेळा राहिला असेल, तर मोठा ‘जी’ वापरा.

कमिट मिळाला की त्यात आणखी कुठल्या फाइल बदलल्या ते पाहा. बिलाच्या टेम्प्लेटबरोबर दरवेळी एखादी एसक्यूएल फाइलही बदलत आली असेल, तर त्या दोघींचं नातं कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नसलं तरी आहे. आपल्या उदाहरणात तसंच होतं. टेम्प्लेटबरोबर ‘मायग्रेशन्स’ (डेटाबेसच्या रचनेतले बदल) फोल्डरमधली एक फाइल बदललेली दिसते आणि कमिटच्या संदेशात लिहिलेलं असतं, ‘लेबल प्रिंटरसाठी पार्टी लोकेशन आखूड केलं.’ धागा हाती लागला.

ब्लेम एकच कमिट दाखवत असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे कुणीतरी सगळ्या कोडवर फॉरमॅटर फिरवलाय. मोकळ्या जागा दुर्लक्षित करायला लहान ‘डब्ल्यू’, दुसऱ्या फाइलमधून आलेल्या ओळींचा माग काढायला मोठा ‘सी’, आणि असे घाऊक कमिट कायमचे वगळायला ‘इग्नोअर-रेव्ह्ज-फाइल’, जे गिट 2.23 पासून, म्हणजे 2019 पासून उपलब्ध आहे. दुसरी शक्यता, तुमचा क्लोन (रेपोची तुमच्याकडची प्रत) उथळ आहे आणि इतिहास खाली उतरवलेलाच नाही. ‘अनशॅलो’ करून घ्या.

गिट लॉगच्या ‘फॉलो’ (नाव बदललेल्या फाइलचाही माग काढणाऱ्या) पर्यायावर फार भिस्त ठेवू नका. फाइलचं नाव बदललं ही नोंद गिट कुठेच ठेवत नाही. दोन फाइल निदान 50 टक्के सारख्या असतील तर नाव बदललं असावं असा अंदाज बांधतं. नाव बदलताना त्याच कमिटमध्ये मजकूरही उलटापालटा केला असेल तर माग तिथेच तुटतो.

पूर्वी नीट चालत होतं अशी खात्री असेल तर बायसेक्ट करा, म्हणजे दरवेळी मधला कमिट तपासून इतिहास निम्मा करत जा. हजार कमिटमध्येही साधारण दहा फेऱ्यांत दोषी कमिट हाती येतो. फक्त प्रत्येक जुना कमिट बिल्ड होत असला पाहिजे, आणि जुन्या सिस्टिममध्ये नेमकं तिथेच घोडं अडतं.

6. डॉक्युमेंट

विकीवर शोधण्याआधी ते पान शेवटचं कधी बदललं ते पाहा. मग त्याच भागातल्या कोडचा शेवटचा कमिट पाहा. पान कोडच्या आधी थांबलं असेल तर त्यातला ‘काय’ जुना झालाय असं धरून चाला. ‘का’ मात्र सहसा अजून खरा असतो, आणि तुम्हाला हवा असतो तोच.

विकीच्या शोधात पान दिसलं नाही म्हणजे पान नाही असं नसतं. परवानगी नसलेली पानं निकालात येतच नाहीत. स्कॅन केलेल्या पीडीएफमधला मजकूर ओसीआर झालेला (चित्रातून अक्षरं ओळखून घेतलेला) नसेल तर तोही शोधात येत नाही. मी विकीपेक्षा जुन्या तिकिटांत आधी पाहतो, कारण खरी चर्चा आणि जोडलेल्या फाइल तिथे असतात. कमिटमधला तिकीट क्रमांक नव्या ट्रॅकरमध्ये भलतंच काही उघडत असेल, तर मधे ट्रॅकर बदललाय. जुन्याची निर्यात कुठे ठेवलीय ते विचारा. कमिटच्या खाली ‘गिट-एसव्हीएन-आयडी’ अशी ओळ दिसली तर इतिहास सबव्हर्जन या गिटच्या आधीच्या साधनातून आलाय, आणि जुन्या डॉक्युमेंटमधले रिव्हिजन क्रमांक त्या ओळीतूनच जुळवता येतात.

टेस्टकडे परत यायचं ते इथे. टेस्टचं नाव आणि त्यातले नमुन्याचे आकडे हे एकमेव डॉक्युमेंट आहे जे खोटं ठरलं तर बिल्ड लाल होतो.

7. चालवून पाहा

इथपासून वेळ लागतो. त्यासाठी लोकल किंवा टेस्ट सर्व्हर हवा.

1995 मध्ये वाइल्ड आणि स्कली यांनी मांडलेली युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. हवी ती गोष्ट करून एकदा प्रोग्राम चालवा, न करता एकदा चालवा, आणि दोन्ही वेळच्या कव्हरेजमधला (कोडच्या कुठल्या ओळी चालल्या या नोंदीतला) फरक पाहा. बिल स्क्रीनवर दाखवलं तेव्हा न चाललेला, पण पीडीएफ काढताना चाललेला कोड, एवढाच आपल्या कामाचा. कव्हरेजचं साधन बहुतेक प्रोजेक्टमध्ये टेस्टसाठी आधीच बसवलेलं असतं, नवीन काही लागत नाही.

प्रोग्राम नेमक्या कुठल्या फाइल उघडतो हे पाहायचं असेल तर लिनक्सवर एसट्रेस आणि विंडोजवर प्रोसेस मॉनिटर. ‘मी कॉन्फिग बदललं तरी काही होत नाही’ या तक्रारीचा निकाल इथे लागतो: प्रोग्राम तुमची फाइल उघडतच नसतो, दुसऱ्याच फोल्डरमधली उघडत असतो.

क्वेरीचा लॉग चालू करून आपलं बिल काढलं, तर पत्ता टेबलमधून येत नाही, एका व्ह्यूमधून (डेटाबेसमध्ये साठवलेल्या, टेबलसारख्या वापरता येणाऱ्या क्वेरीतून) येतो असं दिसतं.

8. रेपोच्या बाहेर

व्ह्यू, ट्रिगर, स्टोअर्ड प्रोसीजर, क्रॉनची कामं, फीचर फ्लॅग, कॉन्फिगरेशन सर्व्हर. यांतलं बरंचसं रेपोमध्ये नसतं, आणि असलं तरी सर्व्हरवरचं कुणीतरी हाताने बदललेलं असू शकतं. म्हणून व्याख्या चालू डेटाबेसमधूनच वाचा.

यातही खाचा आहेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये इन्फर्मेशन स्कीमाच्या रूटीन्समध्ये प्रोसीजरची पहिली 4000 अक्षरंच मिळतात. पूर्ण मजकुरासाठी ‘सिस’मधल्या एसक्यूएल मॉड्यूल्समध्ये पाहा. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू तुमच्या रोलच्या मालकीचा नसेल तर इन्फर्मेशन स्कीमात व्याख्येचा रकाना रिकामा येतो. तो रिकामा पाहून ‘इथे काही नाही’ म्हणत पुढे गेलेले बरेच जण पाहिलेत.

आपल्या व्ह्यूत शेवटी सापडतं ते हे: पत्त्याची डावीकडची 40 अक्षरं घ्या. लेबल प्रिंटरसाठी लिहिलेला व्ह्यू बिलानेही वापरायला घेतला होता.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

40 चा आकडा मोठा करून टाकायचा मोह होतो. करू नका. तो व्ह्यू आणखी कोण वापरतं हे रेपोमधून कळत नाही. दुसरं अ‍ॅप्लिकेशन, रिपोर्टिंगचं साधन, कुणाची तरी एक्सेल फाइल, काहीही त्यावर लटकलेलं असेल. इथून पुढे डीबीएचं (डेटाबेस सांभाळणाऱ्यांचं) काम. कुठलं खातं तो व्ह्यू वाचतं हे त्यांना तपासता येतं. बिलासाठी वेगळा व्ह्यू करायचा की थेट टेबल वाचायचं, हेही त्यांच्याशी बोलूनच ठरवा.

सर्व्हरवर चालणाऱ्या बायनरीचा सोर्स कुठेच नसेल तर डीकंपाइल करत बसण्याआधी व्हेंडरला किंवा मूळ टीमला गाठा. परवान्यात डीकंपाइल करायला मनाई असू शकते, आणि ते ठरवणं तुमचं काम नाही. पैसे, लॉगिन, औषधाचे डोस असा काही हिशेब करणारा कोड असेल आणि त्यावर एकही टेस्ट नसेल, तर फाइल सापडली तरी त्या विषयाच्या जाणकाराशिवाय हात लावू नका. शोधता शोधता पासवर्ड किंवा गुप्त की हाती लागली तर शोध तिथेच थांबवून सुरक्षा टीमला कळवा. ओळ खोडून कमिट केल्याने काही साधत नाही, ती इतिहासात राहते. की बदलावीच लागते.

आणि सातव्या पायरीपर्यंत येऊन अर्धा दिवस काहीच निघालं नाही, तर माणूस शोधा. कोड ओनर्सची फाइल आणि त्या फोल्डरचा गिट लॉग यांतून नावं मिळतात. विचारताना ‘हे कुठे आहे?’ एवढंच लिहू नका. कुठला कमिट उघडलाय, कुठले शब्द शोधले, काय वगळलं, कुठवर माग लागला हे चार ओळींत लिहा. जुन्या माणसाला त्यातला एखादा शब्द पाहूनच आठवतं. उत्तर आलं की फाइलचा मार्ग आणि ‘पत्ता म्हणजे कोडमध्ये पार्टी लोकेशन’ ही जोडी त्याच तिकिटात टाका, कारण पुढचा माणूसही ‘पत्ता’च शोधणार आहे.